‘व्हॉट डू यू मीन?’ न म्हणता इंग्रजीत परत कसं विचारायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मूळ गाव बार्शीकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये तिसरं वर्ष. रोज दुपारी इंग्लंडमधल्या ग्राहकाबरोबर कॉल असतो. मागच्या आठवड्यात त्यांचं एक वाक्य कळलं नाही म्हणून तुम्ही ‘व्हॉट डू यू मीन?’ असं विचारलंत आणि कॉल संपल्यावर टीम लीडने सांगितलं की त्यांना ते खटकलं. तेव्हापासून कळलं नाही तरी तुम्ही ‘येस, येस’ म्हणून वेळ मारून नेता. नम्रपणे परत कसं विचारायचं, आणि झाल्या प्रकाराबद्दल माफी मागायची का, हे तुम्हाला हवं आहे.

मी वीसेक वर्षं नोकरदारांना बोलण्याचं इंग्रजी शिकवते. चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर, परदेशी निघालेल्या नर्सेस, तुमच्यासारखी सपोर्टमधली मुलं. व्याकरणापेक्षा जास्त तास माझे या एकाच गोष्टीवर जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. तुम्ही उद्धटपणा केलेला नाही. तुमच्या डोक्यात होतं ‘म्हणजे?’ आणि तोंडातून त्याचं भाषांतर बाहेर पडलं. आपण ‘म्हणजे?’ आईला विचारतो, साहेबांना विचारतो, डॉक्टरांनाही विचारतो, आणि कुणाला काही वाटत नाही. पण या ‘म्हणजे’मध्ये ‘तुम्ही’ कुठेच नाही. ‘व्हॉट डू यू मीन?’ या वाक्याच्या मधोमध ‘यू’ बसलेला आहे. त्याचं खरं मराठी होतं ‘तुम्हाला म्हणायचंय काय?’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. साहेबांना असं विचाराल का? ग्राहकाच्या कानावर साधारण तेच पडलं.

मराठीत आदर कुठे असतो, ते एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. ‘सांग’ आणि ‘सांगा’ यांत फरक फक्त एका कान्याचा, पण माणूस लहान की मोठा ते तेवढ्यात कळतं. शिवाय तू, तुम्ही, आपण आहेत. ‘हो’ आहे, ‘ना’ आहे, ‘जरा’ आहे. ‘परत सांगता का जरा?’ यात विनंतीचा शब्द एकही नाही, तरी ती विनंती आहे. हे वाक्य इंग्रजीत नेताना हा सगळा आदर वाटेतच गळून पडतो, कारण तिकडे सगळ्यांना एकच ‘यू’ आणि क्रियापदाला आदराचा प्रत्यय नाही. उरतं ‘टेल अगेन’ किंवा ‘रिपीट, प्लीज’. आपल्याला वाटतं ‘प्लीज’ लावलं की काम झालं. इंग्रजी कानाला ती ‘प्लीज’ लावलेली आज्ञाच वाटते.

इंग्रजीत आदर ठेवायचा तर तो वाक्याच्या बांधणीत ठेवावा लागतो. आज्ञेचा प्रश्न करायचा, आणि क्रियापद एक पाऊल मागे न्यायचं. ‘कॅन यू’च्या जागी ‘कुड यू’. ‘कुड यू से दॅट अगेन?’ एवढं पुरतं. मागे नेणं म्हणजे भूतकाळी रूप वापरणं, आणि ही युक्ती आपल्याला नवी नाही. ‘मला जरा एक विचारायचं होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा विचारायचं आत्ताच असतं. ‘होतं’ आपण फक्त मऊपणासाठी लावतो. ‘आय वॉन्टेड टु चेक वन थिंग’ आणि ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड एक्स्प्लेन दॅट बिट’ ही त्याच घराण्यातली वाक्यं. मुलांना हे नातं दाखवलं की ‘वॉज वंडरिंग’ पाठ करावं लागत नाही, ते आपोआप तोंडात बसतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. गोड शब्दांनी नम्रपणा थोडाच येतो. जास्त येतो तो तुम्ही समोरच्याचं काम किती कमी करता यावरून. नेमकं काय निसटलं ते सांगितलंत तर त्याला तेवढंच परत सांगावं लागतं. नुसतं ‘परत सांगा’ म्हटलं की त्याला सगळं पुन्हा सांगावं लागतं, आणि तुम्ही काहीच ऐकत नव्हता असंही वाटतं.

एक उदाहरण घेऊ. समजा ग्राहक म्हणाला, ‘कुड यू रोल बॅक ट्यूजडेज रिलीज ऑन स्टेजिंग, बट लीव्ह द फीचर फ्लॅग ऑन फॉर द लीड्स यूजर्स?’ मंगळवारी टाकलेला बदल स्टेजिंगवरून, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवरून, मागे घ्या, फ्लॅग, म्हणजे एखादी सोय चालू-बंद करायचं बटण, मात्र अमुक लोकांसाठी चालू ठेवा. तुम्हाला पहिला भाग कळला, शेवट निसटला. आता विचारायच्या तऱ्हा बघा.

‘सॉरी?’ असं विचारलं तर तो सगळं वाक्य पुन्हा म्हणेल, बहुतेक त्याच वेगाने, आणि शेवट पुन्हा निसटेल. ‘सॉरी, लीव्ह द फ्लॅग ऑन फॉर हू?’ असं विचारलं तर तो फक्त ‘द लीड्स यूजर्स’ एवढंच म्हणेल, आणि तेही सावकाश. आता तुम्हाला शब्द ऐकू आला, पण अर्थ दोन लागतात. लीड्स हे इंग्लंडमधलं शहर आहे, आणि टीम लीड्सही तेच ऐकू येतात. उच्चारात काडीचा फरक नाही. अशा वेळी पुन्हा ‘सॉरी?’ म्हणून उपयोग नाही, तो पुन्हा ‘लीड्स’च म्हणेल. विचारायचं असं: ‘इज दॅट लीड्स द सिटी, ऑर द टीम लीड्स?’ त्याला एका शब्दात उत्तर देता येतं. आणि तुम्ही फक्त ऐकत नाही, विचारही करताय हे त्याला दिसतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे आपल्याला जे समजलं ते आपणच म्हणून दाखवणं. ‘सो आय रोल बॅक ट्यूजडेज रिलीज, अँड द फ्लॅग स्टेज ऑन फॉर एव्हरीवन इन लीड्स. इज दॅट राइट?’ तुमचं बरोबर असेल तर तो ‘येस’ म्हणून पुढे जाईल. चुकलं असेल तर दुरुस्त करेल, आणि त्याला राग येणार नाही, कारण कष्ट तुम्ही घेतलेत.

हे माझं एकटीचं मत नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात भाषेवर संशोधन करणाऱ्या माक्स प्लांक संस्थेत मार्क डिंगेमान्से, निक एनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या रोजच्या गप्पा रेकॉर्ड करून यावर काम केलं. २०१३ साली त्यांनी दाखवलं की एकमेकांशी नातं नसलेल्या भाषांतही न कळल्यावर जो ‘हं?’सारखा उद्गार येतो तो जवळजवळ सारखाच असतो. आपलं ‘आं?’ त्यातलंच. २०१५ साली बारा भाषा तपासल्या, त्यांत एक खुणांची भाषाही होती. माणसं सरासरी दर १.४ मिनिटांनी एकमेकांना थांबवून काहीतरी परत विचारतात असं दिसलं. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये वीसेक वेळा परत विचारणं झालं तर ते जगाच्या रीतीला धरूनच आहे. त्याच कामात दुसरी गोष्ट दिसली. माणसाला जितकं नेमकं विचारता येत असेल तितकं नेमकं तो विचारतो, आणि मोघम ‘हं?’ शक्यतो दुसरा काही इलाज नसेल तेव्हाच वापरतो. हे सगळं आपण मराठीत बोलताना करतोच. ‘कोण येणारे म्हणालास?’, ‘धाकट्या काकांकडे ना?’ इंग्रजीत आल्यावर घाबरून आपण ‘आं?’वर येतो किंवा गप्प बसतो, एवढंच.

तुमच्या ‘येस, येस’बद्दलही बोलायला हवं. मराठीत कुणी सांगत असताना आपण ‘हं, हं, बरं’ म्हणत राहतो. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, बोला’. इंग्रजीत त्या ‘हं’च्या जागी आपण ‘येस’ टाकतो आणि घोटाळा होतो, कारण त्यांच्या कानाला ‘येस’ म्हणजे ‘कळलं’ किंवा ‘मान्य’. पाच वेळा ‘येस’ म्हटल्यावर सहाव्या मिनिटाला ‘मला पहिल्यापासूनच कळलं नाही’ असं सांगणं अवघड होऊन बसतं. ऐकतोय एवढंच दाखवायचं असेल तर ‘म्-हम्’ किंवा ‘राइट’ म्हणा, आणि ‘येस’ खरोखर कळल्यावरच म्हणा. कॅमेरा चालू असेल तर मान डोलावण्याकडेही लक्ष द्या. आपली ती आडवी डोलणारी मान त्यांना कधी होकार वाटते, कधी नकार.

गप्प बसण्यामागे आपल्याकडे आणखी एक कारण असतं, आणि ते मला फार जवळून माहीत आहे. मोठ्यांना उलटून विचारू नये हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. वर्गात सर म्हणायचे, ‘कळलं का?’ आणि सगळा वर्ग एका सुरात ‘हो!’ तुमचा ग्राहक या रीतीत वाढलेला नाही. तुम्ही गप्प राहिलात की त्याच्या हिशेबी तुम्हाला समजलं. चार दिवसांनी काम चुकीचं झालं की तो म्हणणार, ‘मग तेव्हाच का नाही विचारलं?’ त्याच्या दृष्टीने न विचारणं हाच निष्काळजीपणा.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. शिकवायला लागायच्या आधी मी एका कारखान्यात परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषाचं काम करत होते. नवीन मशीन बसवायला जर्मनीहून एक इंजिनिअर आले होते. संध्याकाळी निघताना ते इंग्रजीत म्हणाले, ‘टुमॉरो, हाफ एट.’ इंग्रज माणूस ‘हाफ एट’ म्हणतो तेव्हा त्याला साडेआठ म्हणायचं असतं. मी पुस्तकात तेच वाचलेलं, म्हणून सगळ्यांना साडेआठ सांगून टाकलं. जर्मन भाषेत मात्र अर्धा आठ म्हणजे आठ वाजायला अर्धा तास, म्हणजे साडेसात. ते गृहस्थ इंग्रजी शब्द वापरून जर्मन वेळ सांगत होते. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ते एक तास बंद शटरसमोर उभे होते, आणि त्या दिवशीची चाचणी पुढे ढकलावी लागली. मला आदल्या दिवशी क्षणभर शंका आली होती. ‘जस्ट टु कन्फर्म, दॅट्स सेव्हन थर्टी?’ किंवा ‘एट थर्टी?’ यांपैकी काहीही विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. पण पाहुणे दमलेले होते, त्यांना काय त्रास द्यायचा, म्हणून मी विचारलं नाही.

तेव्हापासून वेळ, तारीख आणि आकडा मी परत म्हणून दाखवल्याशिवाय सोडत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही सोडू देत नाही. ०३/०४ लिहिलं तर इंग्लंडमध्ये ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. ‘मीटिंग मूव्ह्ड फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आली की पलीकडे गेली, यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही दोन तट पडतात. ‘लेट्स टेबल इट’ म्हणजे इंग्लंडमध्ये ‘हा विषय आत्ता चर्चेला घेऊ’ आणि अमेरिकेत ‘तूर्त बाजूला ठेवू’. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची लांबलचक वादावादी झाली होती, असं खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवलं आहे. मग आपण विचारायला का लाजायचं? ‘सो दॅट्स थर्सडे, नॉट फ्रायडे?’ हा प्रश्न कुणालाही कधीच उद्धट वाटत नाही.

आकड्यांत सर्वांत फसवे ‘थर्टीन–थर्टी’, ‘फिफ्टीन–फिफ्टी’ हे जोड. नर्सेसच्या वर्गात मी यावर एक पूर्ण तास घालवते. डॉक्टरांनी फोनवर औषधाचं प्रमाण सांगितलं, ‘फिफ्टीन मिलिग्रॅम्स’. ऐकणारीने ‘ओके डॉक्टर’ म्हणून फोन ठेवायचा नाही. लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, आणि आकडा सुटा करून म्हणायचा: ‘दॅट्स फिफ्टीन, वन-फाइव्ह, मिलिग्रॅम्स?’ पलीकडून ‘येस, वन-फाइव्ह’ आलं की मगच पुढे. माझ्या वर्गातल्या एका सिनिअर नर्सला सुरुवातीला हे फार जड गेलं. ‘डॉक्टर म्हणतील, हिला एवढंही ऐकू येत नाही का?’ तिला मी सांगितलं की ओईटी म्हणून आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची जी परीक्षा या मुली देतात, तिच्या बोलण्याच्या भागात रुग्णाचं मोघम बोलणं स्पष्ट करून घेणं आणि ऐकलेलं थोडक्यात परत मांडून चूक असेल तर दुरुस्त करायला वाव देणं, या दोन्ही गोष्टी तपासल्या जातात. म्हणजे परत विचारण्याला तिथे गुण आहेत.

विमानवाल्यांकडेही असंच आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरचे वैमानिक आणि कंट्रोलर यांना इंग्रजीची निदान चौथी पातळी गाठावी लागते, आणि गैरसमज झाल्यासारखा वाटला तर विचारून, पडताळून, स्पष्ट करून घेता येणं हा त्या पातळीच्या वर्णनाचाच भाग आहे. ऐकू आलं नाही तर म्हणायचं ‘से अगेन’, हे शब्दसुद्धा ठरलेले. तुम्ही कॉलवर नुसतं ‘से अगेन’ म्हणू नका, ऑफिसात ते तुटक वाटतं. पण त्यामागची शिस्त मात्र घ्यावी.

या शिस्तीमागे काय आहे ते सांगायला हवं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातल्या तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कंट्रोलरचं बोलणं आणि दुसऱ्या विमानाचं बोलणं रेडिओवर एकाच वेळी आलं आणि महत्त्वाचे शब्द शिटीसारख्या आवाजात बुडाले. डच विमानाने उड्डाणासाठी धावायला सुरुवात केली होती. त्याच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने कॅप्टनला डच भाषेत विचारलं, ते पॅन अमेरिकन, म्हणजे ते दुसरं विमान, बाजूला झालेलं नाहीये का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय की. प्रश्न तिथेच संपला. म्हणजे शंका आली होती आणि ती विचारलीही गेली होती. पण वरिष्ठाच्या ठामपणापुढे ती टिकली नाही, आणि कंट्रोलरला परत विचारलं गेलं नाही. या अपघातानंतर कॉकपिटमध्ये कनिष्ठाने शंका कशी लावून धरायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचं प्रशिक्षण जगभर सुरू झालं. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर दुसऱ्यांदा विचारणं हे वर्गात मी वेगळं शिकवते, ते यामुळेच.

दुसऱ्यांदा विचारताना पहिलंच वाक्य पुन्हा म्हणू नका, पद्धत बदला. ‘सॉरी, आय’म स्टिल नॉट क्लिअर ऑन वन पॉइंट’ असं म्हणून नेमका मुद्दा धरा. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर माध्यम बदला: ‘कुड यू पॉप दॅट इन द चॅट फॉर मी?’ नाव किंवा कोड असेल तर ‘कुड यू स्पेल दॅट फॉर मी?’ आणि स्वतः स्पेलिंग सांगताना ‘व्ही फॉर व्हिक्टर’ असं म्हणा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चे आवाज आपण वेगळे करत नाही, त्यामुळे आपलं ऐकताना त्यांनाही त्रास होतो.

त्या कॉकपिटमधल्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ‘नाहीये का?’ असा नकारार्थी प्रश्न. डच माणसाकडे त्याला उत्तर द्यायला वेगळा शब्द असतो. मराठी आणि इंग्रजी यांच्यात मात्र इथे हमखास गोंधळ होतो. ‘फाइल आली नाही का?’ असं विचारलं तर आपण म्हणतो, ‘हो, नाही आली.’ तो ‘हो’ प्रश्नाच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत ‘हॅझन्ट द फाइल अराइव्ह्ड?’ला नुसतं ‘येस’ म्हटलंत तर ऐकणारा समजतो की फाइल आली. म्हणून तुम्ही विचाराल तेव्हा शक्यतो होकारार्थी विचारा: ‘हॅझ द फाइल अराइव्ह्ड?’ आणि उत्तर द्याल तेव्हा नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ देऊन थांबू नका. ‘नो, इट हॅझन्ट’ असं पुरं वाक्य द्या. ‘वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?’ हे वाक्य तुम्ही वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ‘नॉट अॅट ऑल’ आलं म्हणजे तो परत सांगायला तयार आहे. तो तुम्हाला नाही म्हणत नाहीये.

आपल्या काही ठरलेल्या वाक्यांबद्दल बोलते. ‘आय हॅव अ डाउट’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, कारण आपल्या ‘शंका’ शब्दात न कळलेलंही येतं आणि अविश्वासही. इंग्रजीच्या ‘डाउट’मध्ये अविश्वासच जास्त. तुम्ही साधी माहिती विचारत असता आणि त्याला वाटतं तुमचा त्याच्या म्हणण्यावर भरवसा नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘युअर व्हॉइस इज नॉट कमिंग’ हे ‘तुमचा आवाज येत नाहीये’चं भाषांतर. अर्थ पोचतो, पण दोष त्यांच्या माथी जातो. ‘आय कान्ट हिअर यू व्हेरी वेल’ म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही. ‘यू आर नॉट क्लिअर’चंही तसंच, त्याचं ‘आय’म नॉट क्लिअर ऑन द डेडलाइन’ करा. वाक्य ‘आय’पासून सुरू केलं की निम्मी धार आपोआप जाते. आणि ‘एक्स्प्लेन मी’ ऐवजी ‘एक्स्प्लेन दॅट टु मी’. हे व्याकरणापुरतं, नम्रतेशी त्याचा संबंध नाही.

‘आय डिडन्ट अंडरस्टँड’ चुकीचं नाही, पण फार सरसकट आहे. आपल्याकडे ‘ऐकू आलं नाही’ आणि ‘कळलं नाही’ हे वेगळं सांगायची सोय आहे, तशीच तिकडेही आहे, ती वापरा. कानातून निसटलं तर ‘आय डिडन्ट क्वाइट कॅच दॅट’. हे ‘कॅच’ चेंडूसारखंच, हातातून सुटलं एवढंच. शब्द ऐकू आले पण मुद्दा लागला नाही तर ‘आय’म नॉट शुअर आय फॉलो’. एखादा शब्दच माहीत नसेल तर लपवू नका. ‘आय हॅव अ हार्ड स्टॉप अॅट फोर’ असं कुणी म्हणालं तर ‘सॉरी, हार्ड स्टॉप? आय हॅवन्ट हर्ड दॅट वन’ असं मोकळेपणाने म्हणा. लोक आनंदाने सांगतात की चार वाजता मला निघावंच लागेल. आपल्या भाषेतला शब्द कुणी विचारला की आपल्यालाही बरंच वाटतं.

कॉलवर लोक एक पळवाट काढतात: उच्चार कळला नाही की खापर लाइनवर फोडायचं. लाइन खरंच तुटत असेल तर ‘यू’र ब्रेकिंग अप अ बिट’ बिनधास्त म्हणा. पण आवाज स्वच्छ असताना असं म्हणू नका. तो बिचारा हेडफोन बदलेल, माइक तपासेल, आणि बोलेल पुन्हा त्याच वेगाने. तुमचा प्रश्न वेगाचा असतो, म्हणून वेगाबद्दलच बोला: ‘कुड यू स्लो डाउन जस्ट अ लिटल फॉर मी?’ त्याच्या उच्चाराचं नाव काढू नका. ‘युअर अॅक्सेंट’ म्हटलं की ते त्याच्या घरापर्यंत जातं.

‘पार्डन’बद्दल बरेच जण विचारतात, कारण शाळेत आपल्याला तेच शिकवलेलं असतं. वापरायला हरकत नाही. पण इंग्लंडमध्ये या शब्दाला वर्गभेदाचा वास आहे. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली उच्चवर्गीयांच्या बोलीची जी नोंद केली, तिच्यात ‘पार्डन’ म्हणणारा खालचा आणि ‘व्हॉट?’ म्हणणारा वरचा, अशी उलटी विभागणी होती. म्हणून उमरावांचं अनुकरण करत ‘व्हॉट?’ म्हणू नका, आपल्या तोंडी ते शोभत नाही. इंग्लंडमध्ये तुमच्यासाठी सर्वांत सुरक्षित शब्द ‘सॉरी?’

मात्र तो म्हणायचा कसा, यावर सगळं अवलंबून आहे. ‘सॉरी’चा शेवट वर गेला तर तो प्रश्न, खाली आला तर माफी. आपला सूर बऱ्याचदा खाली येतो. मग समोरच्याला वाटतं की याने कशाची तरी माफी मागितली, आणि तो परत न सांगता पुढे बोलत राहतो. वर्गात मी हे फोनवर रेकॉर्ड करायला लावते. आधी मराठीत ‘काय म्हणालात?’ हे अगदी प्रेमाने म्हणायचं, आजीला विचारतो तसं, आणि ‘लात’ कुठे जातो ते ऐकायचं. मग त्याच चढावर ‘सॉरी?’ चढवायचं. दहाबारा वेळा केलं की बसतं. ‘एक्स्क्यूज मी?’चं उलट आहे. अमेरिकेत ते परत विचारायला चालतं, पण सूर कडक झाला की ‘काय म्हणालास रे?’ असं होतं. सूर पक्का होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

लेखी विचारताना सूर नसतो, म्हणून शब्द जरा जास्त लागतात. ‘काइंडली क्लॅरिफाय’ आपल्याकडे अदबीचं वाटतं, तिकडे ते सरकारी नोटिशीसारखं ऐकू येतं. ‘जस्ट टु चेक आय’व्ह अंडरस्टुड’ असं लिहा, पुढे तुमची समजूत एका वाक्यात मांडा आणि बरोबर आहे का ते विचारा. आणि एकदा उत्तर मिळालं की ‘दॅट्स क्लिअर नाउ, थँक्स’ म्हणायला विसरू नका. हे राहिलं तर त्याला कळत नाही की पोचलं की नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माफीचा. लांबलचक मेल लिहू नका. झालेल्याला पंधरा दिवसही झालेले नाहीत, आणि एका वाक्यासाठी मोठी माफी मागितली तर त्यालाच अवघडल्यासारखं होईल. उद्याच्या कॉलला सुरुवातीचं हवापाण्याचं बोलणं झालं की एवढंच म्हणा: ‘बाय द वे, आय मे स्टॉप यू नाउ अँड देन टु चेक आय’व्ह गॉट थिंग्ज राइट. आय होप दॅट्स ओके.’ मी मधूनमधून थांबवून विचारीन, चालेल ना? माझ्या पाहण्यात याला नाही म्हणणारा ग्राहक अजून आलेला नाही. आज रात्री हे वाक्य पाचसहा वेळा मोठ्याने म्हणून ठेवा, शेवटच्या ‘ओके’ला सूर वर न्या, आणि उद्या पहिलं काही निसटलं की लगेच त्याच जागी थांबवा.